नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ म्हणायचं की ‘नो’? पुन्हा पुन्हा होणारा घोटाळा आणि त्यावरचे इलाज

तक्रारीचं रूप साधारण असं असतं. संध्याकाळचा कॉल चालू आहे. पलीकडून इंग्लंडमधला क्लायंट विचारतो, “डिडन्ट द बॅकअप रन लास्ट नाइट?” अलीकडे पुण्यात बसलेल्या मुलाला पक्कं ठाऊक आहे की रात्री बॅकअप चाललेला नाही. तो नम्रपणे म्हणतो, “येस.” पलीकडचा “ओह, गुड” म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आपला मुलगा बुचकळ्यात पडतो: बॅकअप चालला नाही, यात गुड काय? पण कॉलवर वीस माणसं आहेत, मध्येच कोण तोंड उघडणार? दुसऱ्या दिवशी फाइल परत आणायची वेळ येते, फाइल नसते, आणि मग “पण तू तर येस म्हणालास” आणि “मी येसच म्हणालो होतो” अशी दोन्हीकडून खरी असलेली भांडणं सुरू होतात.

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींचं बोलण्यातलं इंग्रजी तपासायचं आणि सुधारायचं काम मी करते. काळ, आर्टिकल, उच्चार यांच्या चुका माणसाच्या लगेच कानावर येतात, म्हणून त्या सुधारतातही. ही चूक ऐकूच येत नाही. ‘येस’ हा शब्द बरोबर, उच्चार बरोबर, व्याकरण तपासायला मुळात वाक्यच नाही. म्हणून दहा-दहा वर्षं परदेशी लोकांशी बोलणाऱ्या माणसांतही ती शिल्लक असते.

आपल्याला हा त्रास आहे का, ते कसं ओळखायचं

पलीकडचा माणूस तुमच्या उत्तरानंतर क्षणभर थांबून “सॉरी, येस इट डिड ऑर येस इट डिडन्ट?” असं विचारत असेल, तर आहे. तुम्ही “येस” म्हटल्यावर तो अनपेक्षितपणे खूश होत असेल, तर आहे. तुमचा मॅनेजर तुम्हाला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत असेल आणि ते तुम्हाला अपमानास्पद वाटत असेल, तर बहुधा आहे. त्याचा तुमच्यावर अविश्वास नसतो, त्याला उत्तर कळलेलं नसतं.

सरळ प्रश्नांना हा त्रास कधीच होत नाही. “डिड द बॅकअप रन?” याला आपण कोणीही “नो” असंच म्हणू. प्रश्नात ‘नॉट’ शिरला की गाडी घसरते.

असं का होतं

मराठीत कोणी विचारलं, “तू काल आला नाहीस?” तर “हो, नाही आलो” हे उत्तर अगदी सहज येतं. यातला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला आहे: तुम्ही म्हणता ते खरं आहे. “नाही, नाही आलो” असंही आपण म्हणतो, आणि त्याचाही अर्थ तोच. म्हणजे मराठीत सुरुवातीच्या हो-नाहीवर फारसं काही अवलंबून नसतं. सगळा भार क्रियापदावर. ‘नाही आलो’ हे कानावर पडलं की संपलं.

आणि विचारणाऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल तर? “जेवला नाहीस अजून?” “जेवलो की!” हा ‘की’ फार कामाचा आहे. तुम्ही समजता तसं नाही, उलट आहे, एवढं सगळं तो एका अक्षरात सांगतो. “पैसे नाहीत का रे?” “आहेत की.” इथे ‘हो’ही लागत नाही आणि ‘नाही’ही.

इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ यांना विचारणाऱ्याच्या म्हणण्याशी देणंघेणं नाही. त्यांचा संबंध प्रत्यक्ष काय घडलं त्याच्याशी. गोष्ट घडली असेल तर ‘येस’, घडली नसेल तर ‘नो’, मग प्रश्न सरळ असो की नकारार्थी. “डिड यू कॉल हिम?” आणि “डिडन्ट यू कॉल हिम?” या दोन्ही प्रश्नांना, फोन केला नसेल तर, उत्तर एकच: “नो, आय डिडन्ट.” ‘येस’च्या मागे नकार आणि ‘नो’च्या मागे होकार प्रश्नाच्या उत्तरात जोडता येत नाही. “येस, आय डिडन्ट” ऐकलं की इंग्रजी कानाला ते अर्धं हो आणि अर्धं नाही असं ऐकू येतं.

यात आपल्या शाळांना किंवा मराठी माध्यमाला दोष देऊ नका. जपानी माणूसही नकारार्थी प्रश्नाला ‘हाय’ म्हणजे हो असं म्हणून नकारच कळवतो, आणि त्याचीही इंग्रजीत हीच फजिती होते. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी वेगळी सोय केलीय. त्यांच्याकडे नकारार्थी प्रश्न खोडून काढायला तिसरा शब्द आहे: फ्रेंचमध्ये ‘सी’, जर्मनमध्ये ‘डॉख’. आपला ‘की’ त्यांच्याच जातकुळीतला.

इंग्रजीतही एके काळी ही सोय होती, आणि ती कळली की आजचा नियम चटकन डोक्यात बसतो. जुन्या इंग्रजीत दोन जोड्या होत्या. सरळ प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या मतदानात अजून ऐकू येतात ते. आणि नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. विल्यम टिंडेलने १५२६ साली बायबलमधल्या ‘नव्या करारा’चं इंग्रजी भाषांतर छापलं. त्यात, तू तो संदेष्टा आहेस का, या सरळ प्रश्नाला योहान ‘नो’ म्हणतो. सर थॉमस मोरने १५३२ साली टिंडेलवर जी टीका केली, तीत या ‘नो’वरूनही त्याला झापलं: इथे ‘ने’ हवं होतं, एवढं साधं इंग्रजी येत नाही का? गंमत म्हणजे हा नियम समजावून सांगताना खुद्द मोरच्याच हातून एका ठिकाणी अदलाबदल झाली, हे पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. थोडक्यात, तेव्हाही लोक गोंधळतच होते. सोळावं शतक सरता सरता हा भेद मोडला, ‘ये-ने’ची जोडी मागे पडली आणि ‘येस-नो’ सगळीकडे चालू लागले.

म्हणजे ‘येस’ हा मुळात नकारार्थी प्रश्न खोडून काढायचा शब्द. आपला ‘आहे की!’ नकारार्थी प्रश्नापुढे त्याचा तो जुना स्वभाव अजून गेलेला नाही. “डिडन्ट द बॅकअप रन?” “येस” याचं खरं मराठी आहे, “चालला की!” आता त्या क्लायंटचं “ओह, गुड” कळतं.

मुख्य इलाज: येस-नो सोडा, क्रियापदाने उत्तर द्या

नियम पाठ करून हा त्रास जात नाही. मी लोकांना नियम समजावून सांगते, ते मान डोलावतात, फळ्यावरची दहाची दहा उत्तरं बरोबर लिहितात आणि त्याच दिवशी कॉलवर पुन्हा “येस” म्हणतात. बोलताना नियम आठवायला वेळच नसतो. ‘हो’ तोंडातून आधी निघून जातो.

त्यापेक्षा आपल्याकडे आधीच असलेली सवय वापरा. “जेवलास?” “जेवलो.” “आणलंस का?” “आणलं.” “ताई आली?” “नाही आली.” दिवसभरात आपण हो-नाहीपेक्षा क्रियापदाने जास्त उत्तरं देतो. हीच सवय इंग्रजीत न्यायची. इंग्रजीत पूर्ण क्रियापद उच्चारायचीही गरज नाही, प्रश्नातलं साहाय्यक क्रियापद तेवढं परत करायचं. आणि ते शोधत बसावं लागत नाही, प्रश्नाचा पहिलाच शब्द तो असतो.

“डिडन्ट द बॅकअप रन?” पहिला शब्द डिडन्ट. तर उत्तर “इट डिड” किंवा “इट डिडन्ट”.

“हॅवन्ट यू सेंट द इन्व्हॉइस?” उत्तर “आय हॅव” किंवा “आय हॅवन्ट”.

“इजन्ट देअर अ मीटिंग टुडे?” उत्तर “देअर इज” किंवा “देअर इजन्ट”.

“वोन्ट शी बी जॉइनिंग अस?” उत्तर “शी विल” किंवा “शी वोन्ट”.

हे करताना ‘येस’ किंवा ‘नो’ उच्चारायचाच नाही, निदान पहिले काही आठवडे. उत्तराची सुरुवात ‘आय’, ‘इट’, ‘ही’, ‘शी’, ‘वी’, ‘दे’ किंवा ‘देअर’ यांपैकी एकाने करायची. तोंडातून ‘आय’ निघाला की पुढे क्रियापद यावंच लागतं, आणि क्रियापद आलं की घोटाळ्याला जागाच उरत नाही. यात कोणी तुम्हाला उद्धट म्हणणार नाही. एकदम तुटक वाटलं तर पुढे अर्धं वाक्य जोडा: “इट डिडन्ट. द डिस्क वॉज फुल.” खरं तर हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षाही उपयोगी. डिस्क भरली होती हे ऐकल्यावर ‘डिडन्ट’मधला ‘न्ट’ फोनवर गिळला गेला तरी चालतं.

त्या ‘न्ट’चं मात्र सांभाळा. घाईत ‘डिडन्ट’चा ‘डिडन’ होतो आणि खराब लाइनवर ‘डिडन’ आणि ‘डिड’ यांत फार अंतर राहत नाही. महत्त्वाचा नकार असेल तर सुटं बोला: “इट डिड नॉट रन.” बोलण्यात हे जरा ठासून सांगितल्यासारखं वाटतं, आणि इथे ठासायचंच आहे.

सराव दोघांनी करायचा. एकाने फक्त नकारार्थी प्रश्न विचारायचे, भराभर, घरातलेच: डिडन्ट यू हॅव टी? इजन्ट द गॅस ऑन? हॅवन्ट दे कम? डोन्ट यू लाइक कारलं? दुसऱ्याने येस-नो न म्हणता उत्तर द्यायचं. चुकून ‘येस’ निघाला की प्रश्न पुन्हा. हा खेळ पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त खेळू नका, डोकं पिकतं. पण रोज खेळा. आठवडाभराने पहिल्या ‘आय’ला लागणारा वेळ कमी झालेला जाणवतो. कारल्याच्या प्रश्नावर लहान मुलं हमखास बरोबर उत्तर देतात.

तोंडातून येस-नो जाणारच असेल तर

काही जागी एका शब्दातच उत्तर द्यावं लागतं. तिथे एक युक्ती आहे: प्रश्नातला ‘नॉट’ मनातल्या मनात पुसून टाका आणि उरलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. “डिडन्ट यू गेट द मेल?” यातला नॉट पुसला की उरलं, मेल मिळाली का? नाही मिळाली. तर “नो.” ही युक्ती लिहिताना उत्तम चालते, बोलताना थोडी धापा टाकते.

शेपटीच्या प्रश्नांनाही हीच. “यू डिडन्ट कॉल देम, डिड यू?” यात शेवटचा ‘डिड यू’ ऐकून लोक गडबडतात. त्या शेपटीकडे बघायचंच नाही. फोन केला नाही? “नो, आय डिडन्ट.” केला होता? “आय डिड, ॲक्च्युअली.” हा ‘ॲक्च्युअली’ आपल्या ‘की’ची जागा बऱ्यापैकी भरून काढतो. समोरच्याचा समज चुकीचा आहे हे तो सौम्यपणे सांगतो.

नियमाला एक भोक आहे

हे सांगितलं नाही तर इंग्रजी मालिका बघणारे लगेच मला पकडतील. समोरच्याने प्रश्न न विचारता नुसतं विधान केलं, “दे डिडन्ट इव्हन रिप्लाय,” तर इंग्रज माणूसही “या, दे डिडन्ट” असं सर्रास म्हणतो. तिथे ‘या’ म्हणजे तुमचं म्हणणं पटलं. “नो, दे डिडन्ट” हेही तेवढंच बरोबर. विधानाला दुजोरा देताना इंग्रजी आपल्यासारखीच सैल आहे.

अडचण मधल्या प्रकाराची. रचना विधानाची, पण सूर प्रश्नाचा: “सो, द बॅकअप डिडन्ट रन?” इथे नुसतं “येस” म्हटलं तर ऐकणाऱ्या इंग्रजालाही खात्री नसते. नुसतं “नो” बहुतेक वेळा नीट समजतं. पण हे मोजमाप करत बसण्यापेक्षा इथे वापरायला एक तयार शब्द आहे: “राइट.” किंवा “करेक्ट.” किंवा “दॅट्स राइट.” हे शब्द घडलेल्या गोष्टीकडे बघत नाहीत, समोरच्याच्या म्हणण्याकडे बघतात, म्हणजे थेट आपल्या ‘हो’सारखे, ‘बरोबर’सारखे. “सो, द बॅकअप डिडन्ट रन?” “राइट, इट डिडन्ट.” ज्यांच्या तोंडातून ‘हो’ सुटल्याशिवाय राहतच नाही, त्यांना मी आधी एवढंच सांगते की ‘येस’च्या जागी ‘राइट’ बसवा. सगळ्यात स्वस्तातली दुरुस्ती आहे ही. मात्र ‘डिडन्ट’ने किंवा ‘हॅवन्ट’ने सुरू होणाऱ्या खऱ्या प्रश्नाला ‘राइट’ विचित्र वाटतं. तिथे क्रियापदच.

‘माइंड’चा वेगळा खड्डा

“डू यू माइंड इफ आय शेअर माय स्क्रीन?” यात ‘नॉट’ नाही, तरी आपण अडखळतो. “येस येस, प्लीज” असं आपण म्हणतो आणि त्याचा शब्दशः अर्थ होतो, हो, माझी हरकत आहे, कृपया. पलीकडचा आपल्या हसऱ्या सुरावरून समजून घेतो, कारण इंग्रजांचंही इथे बोलताना घसरतं. पण मेलमध्ये आणि चॅटमध्ये सूर नसतो.

इथे मराठी आपल्या बाजूने आहे. ट्रेनमध्ये कोणी विचारलं, “इथे बसलो तर हरकत नाही ना?” तर आपण काय म्हणतो? “नाही नाही, बसा की.” म्हणजे ‘माइंड’ ऐकला की ‘हरकत’ असं मनात म्हणा, उत्तर आपोआप येईल: “नॉट ॲट ऑल.” “गो अहेड.” कोणी “वुड यू माइंड सेंडिंग इट अगेन?” म्हटलं तर “शुअर, आय विल सेंड इट.” इथेही शेवटी क्रियापदच कामाला आलं.

हुंकारातला येस

हा प्रकार मुलाखती घेणाऱ्यांनी आणि टीम सांभाळणाऱ्यांनी समजून घ्यावा. समोरचा बोलत असताना “हं… हो… हो हो” करत राहणं हा आपल्याकडे ऐकण्याचा भाग आहे. न केलं तर बोलणारा विचारतो, ऐकतोयस ना? इंग्रजीत बोलताना हाच हुंकार “येस… येस… येस सर” होतो. क्लायंट सांगतोय, “वुई कान्ट मूव्ह द डेट, द बजेट वोन्ट चेंज, अँड यू विल नीड टू मॅनेज विथ द सेम टीम,” आणि आपला माणूस प्रत्येक स्वल्पविरामाला “येस” म्हणतोय. त्याच्या मते तो ऐकतोय. क्लायंटच्या मते त्याने तिन्ही गोष्टी मान्य केल्यात.

इलाज सोपा आहे. हुंकारासाठी वेगळे शब्द ठेवा: “ओके”, “आय सी”, “गॉट इट”. आणि मान्य नसेल तर शेवटी सांगा: “आय अंडरस्टँड, बट वी हॅवन्ट अग्रीड टू द डेट येट.” ‘येस सर’ची सवय शाळेपासूनची, ती एका दिवसात जाणार नाही. निदान तारखा आणि पैसे यांच्या चर्चेत तरी जीभ आवरा.

दवाखान्यात: इथे थांबून वाचा

ऑफिसातला घोटाळा मेलने निस्तरता येतो. मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांचा दवाखान्यातला घोटाळा तसा नसतो. दाताच्या दवाखान्यात मदतनीस फॉर्म भरताना विचारते, “यू डोन्ट टेक एनी ब्लड थिनर्स?” आई रक्त पातळ करायची गोळी घेत नसतात. त्या म्हणतात, “येस.” मदतनिसाचं पेन थांबतं, “व्हिच वन?” आई मुलीकडे बघतात. इथवर गंमतच आहे, कारण शंका आली तर माणूस पुन्हा विचारतो.

उलटी बाजू भीतीदायक आहे. आई ती गोळी घेतात. मराठीत त्यांनी म्हटलं असतं, “नाही, घेते की.” यातला ‘नाही’ म्हणजे तुम्ही समजता तसं नाही. इंग्रजीत बोलताना त्यातला पहिला शब्द तेवढा बाहेर पडतो: “नो.” मदतनीस “गुड” म्हणून पुढच्या ओळीवर जाते. आता कोणाला शंकाही येत नाही. दात काढताना रक्त लवकर न थांबण्याचा प्रश्न याच गोळीमुळे येतो, म्हणूनच तर तिने विचारलेलं असतं. पेनिसिलिनच्या ॲलर्जीबद्दलही हेच. “नो ॲलर्जीज?” हा प्रश्न त्याच घाईत, त्याच सुरात विचारला जातो.

इथे आईंना येस-नो शिकवत बसू नका. एका कागदावर औषधांची नावं, डोस आणि ॲलर्जी इंग्रजीत छापून त्यांच्या पर्समध्ये ठेवा, आणि कोणी काहीही विचारलं तरी आधी कागद पुढे करायला सांगा. बोलायचंच असेल तर एकच साचा शिकवा: “आय टेक…” किंवा “आय डोन्ट टेक…”. अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत दुभाषा फुकट मागता येतो, तो बहुतेकदा फोनवर किंवा पडद्यावर असतो. “मराठी इंटरप्रिटर, प्लीज” एवढं म्हणायला संकोच करू नका. मुलगी इंग्रजीत कितीही पटाईत असली तरी आईच्या तब्येतीची सगळी माहिती तिला असेलच असं नाही. काही गोष्टी आई तिच्यासमोर बोलणारही नाहीत.

ज्यांच्या कामात चूक परवडत नाही ते काय करतात

विमानाच्या रेडिओवर येस आणि नो वापरत नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेले शब्द आहेत ‘अफर्म’ आणि ‘निगेटिव्ह’. शिवाय महत्त्वाची सूचना मिळाली की वैमानिक ‘येस’ म्हणून थांबत नाही, ती सूचना आकड्यांसकट परत म्हणून दाखवतो.

आपल्याकडे कोर्टात बघा. उलटतपासणीत वकील साक्षीदाराला सुचवतो, तुम्ही त्या दिवशी घरी नव्हतात. साक्षीदार “हो” म्हणाला की “नाही”, यावर तिथे कोणी विसंबत नाही. जबानीत उतरतं ते पूर्ण वाक्य: मी त्या दिवशी घरी नव्हतो हे म्हणणे खरे नाही. वाचायला अवघड, पण वीस वर्षांनी वाचलं तरी अर्थ एकच निघेल. ऑफिसच्या मेलला एवढं कायदेशीर करायची गरज नाही. पण “येस” एवढंच लिहून सेंड दाबायच्या आधी हे आठवा. “कन्फर्म्ड: द बॅकअप डिड नॉट रन ऑन मंडे नाइट.” दहाएक सेकंद जास्त लागतात.

सगळं बरोबर करूनही उलटं ऐकलं जात असेल तर

मग बहुधा ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ तपासा. ही तक्रार वेगळी आहे, पण लक्षण तेच. अमेरिकन माणूस “आय कॅन डू इट” म्हणताना ‘कॅन’ जवळजवळ गिळतो, ऐकू येतं ते ‘आय कन डू इट’. नकार मात्र तो पूर्ण स्वराने म्हणतो, ‘कॅन्ट’, आणि त्यातला शेवटचा ‘ट’ बहुतेकदा फुटतच नाही. म्हणजे त्याच्या कानाला होकार आणि नकार यांतला फरक ‘ट’ने कमी आणि स्वराने जास्त कळतो. आपण होकारही ठणठणीत उच्चारतो: “आय कॅऽन डू इट.” त्याला वाटतं, हा नाही म्हणतोय. आपण आणखी जोर देतो, “आय कॅऽऽन!” आणि त्याची खात्रीच पटते.

होकार देताना ‘कॅन’वर जोर न देता तो ‘डू’वर द्या. ते जमत नसेल तर शब्दच बदला: “आय विल डू इट,” “आय ॲम एबल टू.” नकार देताना “आय कॅनॉट” पूर्ण म्हणा, किंवा “आय वोन्ट बी एबल टू.” ब्रिटिश माणसाशी बोलताना हा त्रास कमी, कारण तिथला ‘कान्ट’ आकारामुळे आधीच वेगळा पडतो.

प्रश्न विचारणारे तुम्ही असाल तर

अर्धा घोटाळा विचारणाऱ्याच्या हातात असतो. टीम लीडला “हॅवन्ट यू फिनिश्ड?” असं विचारायची सवय असेल तर त्यात थोडी नाराजी असते, समोरचा आधीच दबतो, आणि दबलेल्या माणसाचं पहिलं उत्तर ‘येस’ हेच असतं. “इज इट डन?” विचारा. त्याहून चांगलं म्हणजे “व्हॉट्स लेफ्ट?” विचारा. या प्रश्नाला येस-नो म्हणताच येत नाही. “यू डोन्ट हॅव एनी क्वेश्चन्स, राइट?” हे तर विचारूच नका. त्याला येणारा “येस” कशाचा आहे हे देवालाही सांगता येणार नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पडद्यावरच्या खिडक्याही याच नजरेने बघाव्यात. “आर यू शुअर यू वॉन्ट टू कॅन्सल?” आणि खाली दोन बटणं, ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’. आता रद्द करणं रद्द करायचं असेल तर कुठलं दाबायचं? फाइल बंद करताना पूर्वी सेव्ह करायचं का असं विचारून ‘येस’ आणि ‘नो’ दिलेले असायचे. आता बऱ्याच ठिकाणी ‘सेव्ह’ आणि ‘डोन्ट सेव्ह’ असं लिहिलेलं असतं, प्रश्न न वाचताही नीट दाबता येतं. तुमच्या फॉर्मवर “आय डू नॉट विश टू रिसीव्ह कॉल्स” असा चौकोन असेल, तर तो बदलून “कॉल मी” आणि “डोन्ट कॉल मी” असे दोन करा. आणि मराठी आवृत्ती करताना खाली ‘होय’ आणि ‘नाही’ चिकटवू नका. ‘जतन करा’, ‘जतन करू नका’ असं लिहा.